उताराच्या बळावर: एलन खोऱ्यातील धरणांची कहाणी

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात आज कोणी स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर ओंजळीत पडणारे पाणी साधारण दीड दिवसापूर्वी वेल्सच्या डोंगरांतून निघालेले असू शकते. एलन नावाच्या खोऱ्यापासून शहराच्या वेशीपर्यंत ते ११८ किलोमीटरचा प्रवास करते. वाटेत डोंगर आहेत, दऱ्या आहेत, सेव्हर्नसारखी मोठी नदी आहे. पण या संपूर्ण वाटेवर पाणी पुढे ढकलणारा एकही पंप नाही. पाणी आपल्या वजनाने, आपल्या स्वभावाने, उताराकडे चालत राहते. १९०४ साली सुरू झालेला हा प्रवाह आजही चालू आहे. माणसाने पाण्यासाठी जी थोर कामे केली, त्यांत एलनच्या धरणांचे नाव आदराने घ्यावे लागते. मात्र ते घेताना या पाण्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगावे लागते; त्यावाचून ही कहाणी पुरी होत नाही.

तहानलेले शहर

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचे आगर होते. पितळेची भांडी, बंदुका, पेनच्या निबा, बटणे, खिळे अशा असंख्य वस्तू तिथून जगभर जात. कामासाठी माणसांचे लोंढे शहरात येत होते आणि वस्त्या दाटत होत्या. पण या शहराला मोठी नदी नाही. ते उंच पठारावर वसलेले आहे आणि जवळून वाहणाऱ्या रे आणि टेम या नद्या लहान. गरीब वस्त्यांतील लोक विहिरींच्या पाण्यावर जगत, आणि त्या विहिरींत शेजारच्या संडासांचा व गटारांचा निचरा झिरपत असे. विषमज्वर आणि अतिसार हे रोग घरोघरी ठाण मांडून बसले होते.

१८७३ ते १८७६ या काळात जोसेफ चेंबरलेन शहराचे महापौर होते. लोकांचे आरोग्य ज्या पाण्यावर अवलंबून आहे, ते नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपनीच्या हाती असू नये, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या पुढाकाराने १८७६ साली नगरपालिकेने पाणीपुरवठा करणारी कंपनी विकत घेतली. नव्या विहिरी खोदल्या गेल्या, जवळच्या ओढ्यांचे पाणी आणले गेले. तरीही शहराची वाढ पाहता हे झरे लवकरच अपुरे पडणार, हे अभियंत्यांना दिसत होते. शहराला दूरचे, स्वच्छ आणि कायमचे पाणी हवे होते.

एका तरुण अभियंत्याची आठवण

त्या पाण्याची जागा जेम्स मॅनसर्ग या अभियंत्याने फार आधीच हेरली होती. १८६०च्या दशकात मध्य वेल्समध्ये रेल्वेमार्गाच्या कामावर असताना त्याने एलन आणि क्लायरवेन या दोन नद्यांची खोरी पाहिली होती. १८९० साली बर्मिंगहॅमने त्याच्याकडे सल्ला मागितला, तेव्हा त्याने पुन्हा त्याच खोऱ्यांकडे बोट दाखवले.

धरणासाठी यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण होते. अटलांटिक महासागरावरून येणारे ढग या डोंगरांवर अडतात आणि वर्षाला सुमारे १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. खडक घट्ट आहे, त्यातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. वर पसरट असलेली खोरी खाली येता येता अरुंद होतात, त्यामुळे आखूड भिंत बांधूनही मोठा साठा होतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंची. बर्मिंगहॅमजवळ ज्या फ्रँकली येथे पाणी पोहोचवायचे होते, ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंचीवर आहे. एलन खोऱ्यात पाणी सुमारे २३५ मीटरवर उचलता येत होते. दोन्हींत फरक अवघा ५२ मीटरचा. एवढ्या भांडवलावर ११८ किलोमीटरची मजल मारायची होती.

जून १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेने बर्मिंगहॅम नगरपालिकेच्या पाणीयोजनेचा कायदा संमत केला. नुसती बुडणारी जमीनच नव्हे, तर या दोन नद्यांना पाणी पुरवणारे सगळे पाणलोट क्षेत्र सक्तीने विकत घेण्याचा अधिकार शहराला मिळाला. हे क्षेत्र सुमारे १८० चौरस किलोमीटरचे. पाणी उगमापासूनच निर्मळ राहावे, हा त्यामागचा विचार होता.

खोरे सोडून गेलेली माणसे

खोऱ्यात माणसे राहत होती. मेंढ्या पाळणारी, गवत कापून साठवणारी कुटुंबे तिथे पिढ्यान्पिढ्या नांदत होती. योजनेसाठी सुमारे १०० जणांना घरे सोडावी लागली. १८ शेतवाड्या, जमीनदारांचे जुने वाडे, एक शाळा आणि एक चर्च पाडले गेले. चर्चच्या बदल्यात नगरपालिकेने वरच्या बाजूला नवे चर्च बांधून दिले. ते आजही जलाशयाच्या काठी उभे आहे. नुकसानभरपाई मात्र जमीनमालकांनाच मिळाली. जे कुळे म्हणून जमीन कसत होते, जे मजुरी करून राहत होते, त्यांच्या हाती काहीच पडले नाही. मराठीत अशा माणसांसाठी ‘धरणग्रस्त’ हा शब्द आहे, आणि तो उच्चारताच सारे काही सांगून होते. एलन खोऱ्यातील या कुटुंबांची नावे सरकारी समारंभांच्या कोनशिलांवर नाहीत.

बुडालेल्या वाड्यांपैकी दोन इंग्रजी साहित्याच्या इतिहासात अमर आहेत. कवी पर्सी शेली १८११ साली कम एलन येथे आपल्या नातलगांकडे राहिला होता. पुढच्या वर्षी तो पत्नी हॅरिएटसह नान्तग्विल्ट या घरी आला. ‘नान्त’ म्हणजे ओढा आणि ‘ग्विल्ट’ म्हणजे रानटी, मोकाट. हे घर भाड्याने घेऊन तिथेच स्थायिक व्हावे, असे त्या तरुण जोडप्याच्या मनात होते, पण व्यवहार जमला नाही. पुढे हॅरिएटने १८१६ साली लंडनमध्ये पाण्यात उडी घेऊन जीवन संपवले आणि १८२२ साली शेली इटलीच्या समुद्रात बुडाला. ज्या घरात त्यांना संसार थाटायचा होता, त्या घराच्या जागेवरही शेवटी पाणीच आले. फ्रान्सिस ब्रेट यंग या लेखकाने ‘पाण्याखालचे घर’ अशा अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी १९३२ साली लिहिली, तीही याच खोऱ्यावर बेतलेली.

लाकडी गाव

कामाला १८९३ साली सुरुवात झाली. दुर्गम खोऱ्यात दगड, सिमेंट, यंत्रे न्यायची तर आधी लोहमार्ग हवा. म्हणून रेयाडर गावाजवळून धरणांच्या जागांपर्यंत रूळ टाकले गेले. पुढे या मार्गांची एकूण लांबी सुमारे ५३ किलोमीटर झाली. सारे काम कंत्राटदारांवर न सोपवता नगरपालिकेने धरणांचे बांधकाम स्वतःच अंगावर घेतले.

मजुरांसाठी नदीकाठी लाकडी घरांचे एक गाव उभारले गेले. त्या काळच्या मजूरवस्त्या रोगराई आणि दारू यांसाठी बदनाम होत्या. इथे ते होऊ द्यायचे नाही, असा निश्चय होता. गावात शिरायला एकच पूल होता आणि त्यावर पहारा असे. नवा मजूर आला की त्याला पहिली रात्र नदीच्या अलीकडच्या निवाऱ्यात काढावी लागे. तिथे त्याची आंघोळ होई, कपड्यांतील उवा-पिसवा मारल्या जात आणि संसर्गजन्य रोग नाही ना याची तपासणी होई. मगच पूल ओलांडता येई. गावात शाळा होती, जखमींसाठी दवाखाना होता आणि संसर्गजन्य रोग्यांसाठी वेगळे रुग्णालय होते. रस्त्यांवर दिवे होते आणि त्यांची वीज नदीच्या पाण्यावर तयार होई. दारूचे दुकानही नगरपालिकाच चालवत असे आणि त्याचा नफा गावाच्या सोयींसाठी वापरला जाई.

या शिस्तीला त्या काळाची मर्यादाही होती. सार्वजनिक स्नानगृह पुरुषांना आठवड्यातून तीनदा आणि स्त्रियांना एकदाच वापरता येई. ११ वर्षांची झाली की मुलांची शाळा संपे आणि काम सुरू होई. बर्मिंगहॅमच्या मुलांना निर्मळ पाणी मिळावे म्हणून चाललेल्या या कामात या मुलांचेही हात राबत होते.

दगडातले सौंदर्य

एलन नदीवर खालून वर जाताना क्रमाने कॅबन कोख, करेग दी, पेन-अ-गरेग आणि क्रेग गोख अशी धरणे लागतात. ‘क्रेग गोख’ म्हणजे तांबडा कडा आणि ‘करेग दी’ म्हणजे काळा दगड. कॅबन कोखची भिंत सुमारे ३७ मीटर उंच आणि १८६ मीटर लांब आहे. पेन-अ-गरेगही जवळपास तेवढीच उंच. सर्वांत वरची क्रेग गोखची भिंत ३६ मीटरची असून ती सुरेख बाक घेते आणि तिच्या माथ्यावर कमानींची रांग आहे.

ही सारी गुरुत्व धरणे आहेत, म्हणजे पाण्याचा दाब ती आपल्या वजनाच्या जोरावर पेलतात. भिंतीच्या पोटात काँक्रीट आहे आणि त्यात जागोजागी प्रचंड शिळा रुतवलेल्या आहेत. स्थानिक खडक पोटात भरायला चांगला होता, पण तो नीट घडवता येत नसे. म्हणून दर्शनी बाजूचे घडीव दगड बिल्थजवळच्या लानेलवेडच्या खाणींतून रेल्वेने आणले गेले.

पावसाळी दिवसांत जलाशय भरले की जादा पाणी बाजूच्या सांडव्याने न जाता भिंतीच्या माथ्यावरूनच सबंध रुंदीभर कोसळते. ओबडधोबड राखलेल्या दगडांवर आपटून ते फेसाळते आणि धरणाचा धबधबा होतो. घुमटदार मनोरे, कमानी आणि कोरीव कठडे पाहून या शैलीला ‘बर्मिंगहॅम बरोक’ असे नाव पडले. शहरापासून इतक्या दूर, निर्जन डोंगरात, नगरपालिकेने आपले वैभव दगडात कोरून ठेवले.

पाण्याखालचे धरण

या योजनेतील खरी करामत मात्र सहसा डोळ्यांना दिसत नाही. करेग दी येथे जलाशयावरून कमानींचा एक देखणा पूल जातो. त्या पुलाच्या खाली, पाण्याच्या पृष्ठभागाआड, एक पूर्ण धरण दडलेले आहे.

त्याचे कारण असे. एलन नदी पुढे वाय नदीला मिळते. वाय नदी कोरडी पडू नये म्हणून कॅबन कोख धरणातून तिच्यासाठी रोज ठरावीक पाणी सोडण्याचे बंधन कायद्याने घातले होते. दुष्काळात असे पाणी सोडत राहिले की कॅबन कोखची पातळी खाली जाणार. पण बर्मिंगहॅमकडे जाणारे पाणी जिथून उचलतात, तो फोएल मनोरा ठरावीक उंचीवर आहे. पातळी त्याखाली गेली तर शहराचा पुरवठाच तुटेल, आणि मग जलाशयात कितीही पाणी असले तरी ते निरुपयोगी ठरेल. मॅनसर्गने यावर उपाय योजला तो पाण्याखालच्या भिंतीचा. खालच्या भागातले पाणी उतरले, तरी करेग दीच्या वरच्या बाजूचे पाणी या भिंतीमुळे जागच्या जागी राहते आणि फोएल मनोऱ्याला कमी पडत नाही. नदीचा हक्क आणि शहराची तहान ही दोन्ही एकाच जलाशयात, एका बुडालेल्या भिंतीने, वेगळी सांभाळली गेली.

दीड दिवसाची वाट

फोएल मनोऱ्यातून निघालेले पाणी आधी गाळले जाते आणि मग जलवाहिनीत शिरते. सरासरी उतार १ ला २,३००. म्हणजे २,३०० फूट पुढे जाताना पाणी फक्त १ फूट खाली उतरते. एवढा उतार उघड्या डोळ्यांना सपाटच वाटेल. त्यावरून पाणी ताशी तीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या गतीने जाते.

डोंगर आले तिथे बोगदे खोदले. सरळ जमिनीवर चर खणून विटा-काँक्रीटचा पाट बांधला आणि वरून माती लोटून तो झाकला. दऱ्या आल्या तिथे मात्र पाणी लोखंडी नळांत घालून खाली उतरवले आणि पलीकडे पुन्हा वर चढवले. त्यासाठीही पंप लागला नाही. आपले गवंडी पातळी जुळवायला पाण्याने भरलेली नळी वापरतात. तिची दोन्ही टोके कुठेही धरली तरी पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर येते. तेच तत्त्व इथे दरीएवढ्या नळीत वापरले आहे. पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा जरासे खाली ठेवले, की पाणी दरी ओलांडून आपोआप वर येते. ब्यूडली गावाजवळ सेव्हर्न नदी ओलांडताना नळांवरचा दाब फार मोठा असतो. तिथे ते भक्कम पुलावरून नेले आहेत.

संगणक नसताना, दुर्बीण बसवलेली मोजणीची साधने आणि कागदावरची आकडेमोड यांच्या आधारे ११८ किलोमीटर लांबीत ही पातळी राखली गेली. कुठे चूक झाली असती, तर पाणी वाटेतच थबकले असते. ते थबकले नाही. २१ जुलै १९०४ रोजी राजे सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले आणि वेल्सचे पाणी बर्मिंगहॅमकडे निघाले. मॅनसर्गला तो दिवस पाहता आला. पुढच्याच वर्षी त्याचे निधन झाले.

क्लायरवेनची भर

मूळ आराखड्यात क्लायरवेन नदीवरही धरणे होती, पण ती पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवली होती. त्यांपैकी दोल-अ-मनाख धरणाचा पाया कॅबन कोखच्या पाण्याखाली जाणार असल्याने तो आधीच बांधून ठेवला. त्यावरची भिंत पुढे कधीच चढली नाही आणि तो पाया आजही अर्धवट उभा आहे. दोन महायुद्धांमुळे पुढचा टप्पा लांबला. तोवर बांधकामाचे तंत्र इतके पुढे गेले, की अनेक लहान धरणांऐवजी एकच मोठे धरण बांधणे शक्य झाले.

१९४६ ते १९५२ या काळात ५६ मीटर उंच आणि ३५५ मीटर लांब असे क्लायरवेन धरण उभे राहिले. ते काँक्रीटचे असले तरी जुन्या धरणांशी मेळ राहावा म्हणून त्याला घडीव दगडांचा दर्शनी भाग दिला. ब्रिटनमधील पाथरवट तेव्हा युद्धात पडझड झालेल्या संसदभवनाच्या दुरुस्तीत गुंतले होते, म्हणून या कामासाठी इटलीहून कारागीर बोलावले गेले. २३ ऑक्टोबर १९५२ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी धरणाचे उद्घाटन केले. गादीवर आल्यानंतरच्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या समारंभांपैकी हा एक. या एका धरणामुळे योजनेचा साठा जवळपास दुप्पट झाला.

एका लहान बंधाऱ्याची भूमिका

याच खोऱ्यात नान्त-अ-ग्रो नावाच्या ओढ्यावर एक लहानसा बंधारा होता. लाकडी गावाला पाणी मिळावे म्हणून तो बांधला होता आणि काम संपल्यावर तो बेवारस पडला होता. १९४२ साली युद्ध ऐन भरात असताना जर्मनीची मोठी धरणे कशी फोडता येतील, याचा विचार बार्न्स वॉलिस हा अभियंता करत होता. प्रयोगासाठी त्याला हा बंधारा मिळाला. पहिला स्फोट भिंतीपासून दूर केला, तेव्हा ती टिकली. जुलै १९४२ मध्ये मात्र १२७ किलो स्फोटके पाण्यात, भिंतीला लागून उडवली आणि तिच्या मधोमध मोठे भगदाड पडले. स्फोटके पाण्यात खोलवर आणि भिंतीला अगदी टेकून हवीत, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. मे १९४३ मध्ये पाण्यावर उसळ्या घेत भिंतीपर्यंत जाणाऱ्या बॉम्बने मोएने आणि एडर ही जर्मन धरणे फोडली गेली. त्या पुरात हजाराहून अधिक माणसे मेली. त्यांत जर्मनीने वेठबिगारीसाठी पकडून आणलेले परदेशी लोकच अधिक होते. मजुरांना निरोगी ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंतीच्या वाट्याला असा उपयोग आला. तिचे फुटलेले अवशेष आजही ओढ्यात आहेत.

खोऱ्याचे आजचे रूप

पाणलोट निर्मळ राखण्याच्या जुन्या निर्णयाचे फळ निसर्गाला मिळाले. इथे कारखाने आले नाहीत, मोठी वस्ती वाढली नाही, माळरानांवर खतांचा मारा झाला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून तांबडी घार जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा तिच्या मोजक्या जोड्या मध्य वेल्सच्या याच डोंगराळ भागात तग धरून होत्या. आज रेयाडरच्या आकाशात त्या घारी घिरट्या घालताना सहज दिसतात. १८९२च्या कायद्याने या माळरानांवर मोकळी हवा खायला आणि फिरायला येण्याचा लोकांचा हक्कही राखून ठेवला होता. त्या काळी अशी तरतूद फार दुर्मीळ होती. दिव्यांचा उजेड नसल्याने इथले रात्रीचे आकाश गडद राहिले आणि २०१५ साली या खोऱ्याला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. १९९७ पासून धरणांच्या पाण्यावर वीजही तयार होते.

पण वेल्सच्या मनात या जलाशयांबद्दल दुसरीही भावना आहे. एलनच्या आधी, १८८८ साली पुरे झालेल्या वर्न्वी धरणाने लान्वद्दिन हे गाव लिव्हरपूलसाठी बुडवले होते. १९६५ साली त्याच शहरासाठी त्रवेरिन खोऱ्यातील कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव पाण्याखाली गेले. त्या विधेयकाला वेल्सच्या एकाही खासदाराने पाठिंबा दिला नव्हता. २००५ साली लिव्हरपूलच्या नगर परिषदेने त्याबद्दल क्षमा मागितली. एलन खोऱ्यातील १०० माणसांच्या वेळी असा आवाज उठला नाही, म्हणून त्यांचे दुःख लहान ठरत नाही.

अवर्षणाच्या वर्षी कॅबन कोखचे पाणी खूप उतरले, की चिखलातून दगडी भिंतींचा एक चौकोन वर येतो. तो नान्तग्विल्टच्या बागेचा गडगा. लोक दुरून तो पाहायला येतात आणि काठावर उभे राहतात. त्याच वेळी करेग दीच्या बुडालेल्या भिंतीआड अडलेले पाणी फोएल मनोऱ्यात शिरत असते, १ ला २,३०० च्या उताराला लागत असते. आणि परवा सकाळी बर्मिंगहॅममध्ये कोणीतरी त्या पाण्याचा चहा ठेवणार असते.